पाठीवरचा खो

खो नेहमी पाठीत मिळतो. खोखोचं सगळं सुख त्यातच आहे आणि सगळी पंचाईतही त्यातच. चौकोनात दबा धरून बसायचं, चवड्यांवर अंगाचा भार, हात जमिनीला टेकलेले, डोळे समोर आणि कान मात्र मागे. मैत्रिणीचा तळवा पाठीवर पडला, "खो!" ऐकू आला, की सुटायचं. वळून बघायला वेळच नसतो. मागे आहे ती आपलीच आहे, असा विश्वास ठेवायचा आणि पळायचं.

मंगळवारी, जिल्हा स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, इरावती कोळेकरला असाच पाठीत खो मिळाला. तळवा गरम होता. करंगळीचं नख नेहमीसारखं जरा टोचलं. आणि तो घाईचा, चिरका आवाज, "खो! उठ की गं!"

इरा उठली आणि बाणासारखी सुटली. तिसऱ्या पावलाला शिट्टी वाजली.

"फाउल! खो न मिळता उठली."

इरानं मागे वळून पाहिलं. खो देणारी राजनंदिनी अजून तीन चौकोन लांब होती, तोंड उघडं टाकून तिच्याकडेच बघत होती. इराच्या चौकोनामागे कुणी म्हणजे कुणी नव्हतं. नुसती लाल माती, आणि तिच्यावर दुपारचं ऊन.

"कोळेकर!" पाटोळे सर रेषेबाहेरून गरजले. "कुणी दिला खो? तुझ्या पणजोबांनी?"

मुली खिदळल्या. इरानं तोंड उघडलं. नाव अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं, कारण ते नाव घेतलं असतं तर कुणीच खिदळलं नसतं. करंगळीचं नख वाढवणारी त्या संघात एकच होती, शर्वरी मगदूम. आणि शर्वरी तीन महिन्यांपूर्वी सांगली रस्त्यावर टँकरखाली गेली होती.

त्याच डावात इरा आणखी एकदा तशीच उठली. संघ कसाबसा एका गुणानं वाचला.

"रविवारी राज्य संघाची निवड आहे," सर म्हणाले. आता ते ओरडत नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. "उद्या मुजावर मॅडमना भेट. तुझ्या झोपेचं काहीतरी बिनसलंय."

आता पट्टीबद्दल सांगायलाच हवं. ते साल होतं २०४१, आणि मिरजेत पट्टीशिवाय झोपणारे दोनच प्रकारचे लोक उरले होते, तान्ही बाळं आणि हट्टी म्हातारे! तिचं पाळण्यातलं नाव 'सुषुप्ती', पण त्या नावानं तिला फक्त जाहिरातीतला माणूस हाक मारायचा. कपाळावरून कानांमागे जाणारी बोटभर रुंद, मऊ पट्टी, काढायची तर कानामागचं बटण दाबायचं. लावली की दीड तासात आठ तासांची झोप. उरलेले साडेसहा तास बक्षीस! कुणी त्यात दुसरी नोकरी करायचं, कुणी परीक्षांचे ढीग उपसायचं, आणि कृष्णाकाठ क्रीडा मंडळाच्या मुली जास्तीचा सराव करायच्या. मंडळानं बाराही जणींना पट्ट्या दिल्या त्याला चार महिने झाले होते. म्हणजे शर्वरी गेली तेव्हा इराला पट्टी लागून एक महिना उलटला होता. हा हिशेब तेव्हा कुणाच्याच ध्यानात आला नाही.

मुजावर मॅडम मंडळाच्या झोपेच्या डॉक्टर. त्यांनी इराचं रक्त पाहिलं, नाडी पाहिली, पोटऱ्या दाबून पाहिल्या.

"अंग तर लोखंडासारखं आहे तुझं. स्वप्नं पडतात?"

"पट्टीत कुठली स्वप्नं, मॅडम? पडदा पडतो आणि उघडतो."

"हं." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ऐक. झोप म्हणजे एकसारखा काळोख नसतो. तिचे मजले असतात. सगळ्यात खालच्या मजल्यावर गाढ झोप. तिथं शरीर दुरुस्तीला बसतं. वाढीचं संप्रेरक सुटतं, ताणलेल्या स्नायूंचे धागे पुन्हा विणले जातात, मेंदूत दिवसभर साचलेला कचरा धुऊन निघतो. पट्टी काय करते? हलक्या विजेच्या लाटांनी मेंदूला लिफ्टसारखी थेट तिथं नेते आणि दीड तास तिथंच धरून ठेवते. म्हणून तुम्ही पोरी हरणासारख्या पळता."

"मग बिघडलं कुठं?"

"वरच्या मजल्यावर. तिथं स्वप्नं पडतात. पट्टी बनवणाऱ्यांना वाटलं, गाढ झोप हा उसाचा रस आणि स्वप्नं म्हणजे चिपाड. फेका चिपाड! पण ते चिपाड नव्हतं."

मग मॅडमनी जे सांगितलं ते इराला शब्दन् शब्द आठवत राहिलं. स्वप्नांच्या झोपेत डोळे पापण्यांआड भिरभिरतात, हातपाय लुळे पडतात आणि मेंदू एक नाजूक काम काढून बसतो. आठवणी बाहेर काढतो, उलटसुलट करतो, भलतीला भलती जोडून बघतो. आणि हे चालू असताना धडकी भरवणारं जे रसायन दिवसभर डोक्यात वाहतं, त्याचा नळ जवळजवळ बंद असतो. म्हणून मेलेलं माणूस स्वप्नात आलं तरी आपण किंचाळत नाही, त्याच्याशी गप्पा मारतो. अशा बऱ्याच रात्री गेल्या की आठवण तशीच राहते आणि तिच्यातला काटा बोथट होतो.

"आणि स्वप्न पडलंच नाही तर?"

"तर काटा तसाच. तीन महिन्यांनीही आत्ताच घडल्यासारखा. शिवाय मेंदूला स्वप्न बघायचंच असतं बाळा. झोपेत मिळालं नाही तर तो चोरून बघतो, जागेपणी." मॅडम जरा पुढे वाकल्या. "तुला काही दिसतं? ऐकू येतं?"

इरानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "नाही."

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. "तरी पट्टी काढ. पहिले दोनतीन दिवस झोप येणार नाही. मग अशी येईल की कानाशी ढोल बडवला तरी उठणार नाहीस."

"म्हणजे रविवार?"

"रविवार गेला असं समज. निवड पुढच्या वर्षी परत होते. डोकं परत मिळत नाही."

इरा दारापर्यंत गेली आणि थांबली. "मॅडम, ज्यांना दिसतं ना... त्यांनी पट्टी काढली की?"

"दिसायचं थांबतं."

आणि ते शब्द ऐकल्यावर रविवार, निवड, राज्य संघाचा टी-शर्ट, सगळं एकदम लांब गेलं. बाकी सगळ्यांजवळ शर्वरीचे फोटो होते. इराजवळ तिचा हात होता. रोज, गरम, पाठीवर. तो आपल्याच हातानं काढून टाकायचा? इरानं दप्तर उचललं आणि त्या दुपारीही पट्टी लावूनच झोपली.

शर्वरीचे गुडघ्याचे पट्टे मंडळाच्या कपाटात राहिले होते. ते द्यायचं निमित्त काढून इरा संध्याकाळी मगदूम काकूंकडे गेली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. तिचे पाय त्या गल्लीकडे वळतच नव्हते.

दार उघडं होतं. आतून काकूंचा आवाज येत होता, "दोडका नको ना? नको. मग चटणी-भाकरी तरी घे. अगं, सूर्य काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

कुणीतरी पाहुणं आलंय, असं वाटून इरा स्वयंपाकघराच्या दारात थबकली. टेबलावर एकच ताट वाढलेलं. समोरची खुर्ची रिकामी. काकू त्या खुर्चीकडेही बघत नव्हत्या, त्यांची नजर मागच्या दारावर होती. आणि त्यांच्या कपाळावर निळी पट्टी होती, चंदेरी चांदणीचं स्टिकर लावलेली. शर्वरीची.

"ये गं," काकू मुळीच न दचकता म्हणाल्या. "बस. ती बूट घालतेय."

इरानं वळून पाहिलं. मागच्या दाराशी पायपुसणं होतं आणि पायपुसण्यावर काहीच नव्हतं.

"काय... काय म्हणते ती?"

"'आई, आल्यावर जेवते.'" काकूंनी अगदी शर्वरीच्या सुरात म्हटलं. "त्या दिवशी म्हणाली होती तेच. रोज तेवढंच म्हणते. मी मात्र रोज वेगळं म्हणून बघते. परवा रागावले. काल चक्क हात जोडले तिच्यापुढं. आज म्हटलं, दोनच घास खाऊन जा. तरी तिचं आपलं तेच. पण एखादा शब्द कधीतरी लागू पडेल की नाही?"

मगदूमांच्या घरी सूर्य बुडायच्या आत जेवतात. जैन घरातला नेमच तो. दिवा लागला की ताट नाही. म्हणून शर्वरी रोज सराव आटोपून सूर्याशी शर्यत लावत घरी यायची, आणि मुली तिला चिडवायच्या, "पळ, पळ, भाकरी बुडाली!" इराला ते सगळं एकदम आठवलं. नव्हे, आठवलं नाही, पुन्हा घडलं. तो पिवळा उजेड, ते भांडण, सगळं. ती मटकन रिकाम्या खुर्चीत बसली आणि आपण काय करतोय ते कळून पुन्हा उठली.

"काकू, त्या दिवशी मीच थांबवलं होतं तिला."

काकूंनी दारावरची नजर काढून तिच्याकडे वळवली.

"तिनं खो दिला आणि मी उशिरा उठले. ती म्हणाली, 'उठ की गं.' मला राग आला. म्हटलं, चूक तुझी, परत कर. ती म्हणत होती, सूर्य बुडतोय, जाऊ दे. मी म्हटलं, बुडू दे, जेवून कुणी मॅच जिंकत नाही. दहा वेळा करायला लावलं मी तिला. म्हणून ती तशी सुसाट निघाली."

मग काकू म्हणाल्या, "तू तिला एकदा थांबवलंस. मी रोज थांबवते. कुणाचं ऐकते का ती?"

इराला रडू फुटलं. काकूंनी तिला जवळ घेतलं नाही, पण पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"तुला दिसते?"

"दिसत नाही. पाठीत खो देते. म्हणते, 'उठ की गं.'"

"आणि?"

"तेवढंच."

मग खिडकीतला उजेड विझला. काकूंनी ताटावर ताट झाकलं. त्या स्वतःही जेवल्या नाहीत. त्यांच्या गळ्याची हाडं किती वर आली होती ते इराला आत्ता दिसलं.

"काकू, पट्टी दीड तासच लावायची असते."

"जाग आली तरी मी काढतच नाही." काकू अगदी साधेपणानं म्हणाल्या. "आधी ती संध्याकाळीच यायची. आता सकाळी दुधाच्या वेळेपासून असते. डॉक्टरणीला सांगू नकोस हं. मंडळाची वस्तू आहे, येऊन घेऊन जातील. माझ्या गळ्याला हात लाव आणि शपथ घे."

इरानं त्या गळ्याला हात लावला. शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळेची मधली सुट्टी झाली तशी इरा मैदानावर गेली. टळटळीत ऊन. मैदानात कुत्रंसुद्धा नव्हतं. रात्रभर टेबलाशी बसून तिच्या डोक्यात एकच भुंगा फिरत होता. काकू रोज वेगळं बोलतात. आपण तर कधी काही बोललोच नाही.

ती आपल्या चौकोनात बसली. चवड्यांवर भार, हात मातीला. वाट पाहावी लागली नाही.

"खो! उठ की गं!"

इरा उठली नाही. दात आवळून बसून राहिली. "शर्वरी, रागावलीस माझ्यावर?"

तळवा. नख. "खो! उठ की गं!"

"मी चुकले. ऐकतेयस ना? माझं चुकलं."

"खो! उठ की गं!"

"शिवी दे! काहीही दे. कुत्रे म्हण, गाढवे म्हण! पण दुसरं काहीतरी बोल ना गं!"

तळवा त्याच जागी पडला. तितकाच गरम. 'की'वर आवाज तसाच फाटला, 'गं' तसाच ओढला गेला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा इराला त्या हाताची भीती वाटली. जिवंतपणी शर्वरी एक वाक्य दोनदा बोलायची नाही. कुणी 'काय म्हणालीस?' विचारलं तर दुसऱ्यांदा नवीनच काहीतरी ठोकून द्यायची. बडबडीसाठी वर्गाबाहेर उभी राहणारी ती मुलगी! मागे होती ती शर्वरी नव्हतीच. मागे तिचा फक्त एक क्षण होता, अडकलेला, पुन्हा पुन्हा वाजणारा.

इरा घरी आली आणि पट्टी आईच्या हातात ठेवली. "लपव. मी मागितली तरी देऊ नकोस."

"लपवून काय उपयोग? लपवलेलं तुला बरोबर सापडतं. समोर ठेवलेलं भूगोलाचं पुस्तक तेवढं सापडत नाही," आई म्हणाली. मग तिनं इराचा चेहरा पाहिला आणि पुढे काही न विचारता पट्टी घेऊन शेजारच्या आत्तीकडे देऊन आली.

मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. गुरुवारी झोप नाही. शुक्रवारी डोळ्यांत वाळू आणि पाठीत सारखा खो, खो, खो, जेवताना, अंघोळीला, गणिताच्या तासाला. इरानं दोनदा आईकडे पट्टी मागितली. एकदा तर पाय धरले. शनिवारी ती भिंतीला पाठ घट्ट टेकवून बसून राहिली, म्हणजे मागून कुणाला हात लावता येऊ नये. संध्याकाळी आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटायला सुरुवात केली. अगदी बाळाला थोपटावं तसं. घरात कुणाला असं थोपटून वर्षं झाली होती.

डोळे उघडले तेव्हा घड्याळात साडेअकरा वाजले होते. रविवारचे. पाटोळे सरांचे एकोणीस फोन येऊन गेले होते. निवड झाली होती, तिच्याशिवाय.

इरा अंथरुणात पडून राहिली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग कळलं, पाठ गार होती. रिकामी. तिनं डोळे मिटून तो आवाज आठवायचा प्रयत्न केला. शब्द आठवले. आवाज येईना. कालपर्यंत कानात घुसणारा तो चिरका आवाज, कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखा. ती ताडकन उठून बसली. आपण हे काय केलं? घाबरून तिनं काकूंना फोन लावला.

"काकू, मी झोपले. आणि ती गेली. तिचा आवाज आठवेना हो मला."

"वेडी कुठली." काकूंचा आवाज कितीतरी दिवस न झोपलेल्या माणसाचा होता, पातळ आणि मायाळू. "त्यात रडायचं काय? इथंच आहे ती. थांब, ऐकवते."

आणि काकूंनी फोन पुढे धरला. इराला ते दिसत नव्हतं, पण कळत होतं. त्या स्वयंपाकघरात, मागच्या दाराकडे, हात लांब करून. पंख्याची घरघर ऐकू आली. लांब कुठंतरी रिक्षा. नळ ठिबकत होता. टप्. टप्.

"ऐकलंस?" काकूंनी आनंदानं विचारलं.

हो म्हणायला काय जात होतं! इराच्या ओठांवर 'हो' आलंच होतं.

"काकू, मला नळ ऐकू आला. नळच फक्त."

फोन ठेवला की काय, असं इराला वाटलं.

"पण काकू, ऐका ना, ठेवू नका. मला ती स्वप्नात दिसली. चार महिन्यांनी पहिलं स्वप्न पडलं मला. लक्ष्मी मार्केटच्या घड्याळावर चढून बसली होती, पाय सोडून. आणि पेरू खात होती."

"पेरू?" काकूंचा आवाज एकदम करडा झाला. "काहीतरी सांगू नकोस. पेरूला हात लावायची नाही ती. दातांत बिया अडकतात म्हणायची."

"तेच तर सांगतेय! मला तरी कुठं सुचलं असतं? खाली गाडीवाला ओरडत होता आणि ही वरून त्याच्याशी भांडत होती, पिकले नाहीत म्हणून. मी हाक मारली तर बघेचना. मग म्हणाली, 'तू अजून इथंच? जा की, मला काम आहे.' काकू, हे ती कधीच म्हणाली नव्हती. मला नाही, कुणालाच नाही. नवं आहे हे."

"किती खाल्ले?" काकूंनी विचारलं.

"काय?"

"पेरू गं. किती खाल्ले तिनं?"

"दोन. तिसरा हातात होता."

"दोन," काकू म्हणाल्या. "मीठ लावून?"

"तिखट-मीठ."

पलीकडून एक आवाज आला. हसणं होतं की दुसरं काही, इराला ओळखता आलं नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कुणीतरी जड होऊन बसल्यासारखा, आणि बऱ्याच वेळानं काकूंनी विचारलं,

"इरा, या पट्टीचं बटण कुठं असतं गं? कानामागं शोधतेय, बोटाला सापडत नाही."